वाघोबाला ठेवलेला नारळ

आमच्या पाड्यावर वाघ सगळ्यांनी पाहिला आहे. खरं तर तो बिबट्या असतो, पण बोलताना वाघच. माझ्या नवऱ्याने पाहिला, दिरांनी पाहिला. सासूबाईंनी तर कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पाहिला आणि हातातली केरसुणी फेकून मारली. मी नाही पाहिला.

लहानपणी माहेरी, आटगावकडे, आईबरोबर रानातून जळणाची फाटी घेऊन येताना एकदा तो वाटेत आडवा आला होता. आईने माझं तोंड आपल्या लुगड्यात दाबून धरलं. लुगड्याचा धुराचा वास तेवढा मला आठवतो. तोंड सोडलं तेव्हा वाट मोकळी होती. पुढे कितीतरी वर्षं आई ती गोष्ट सांगायची. त्याची शेपूट कशी होती, तो वळून कसा बघत होता. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "ही पण व्हती." होते मी. पण पाहिलं काहीच नाही.

लग्न होऊन मुरबाड तालुक्यात आले, धसईच्याही आत. आमच्या घराला वाघोबाचा मान आहे. टेकाडावर त्याचा दगड आहे, त्याला शेंदूर लावतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी नव्या तांदळाची गूळ घातलेली खीर आमच्याच चुलीवर शिजते. पुरुष ती वर घेऊन जातात, एकाला वाघ करतात, बाकीचे त्याला हाकलत रानात नेतात. बायकांनी वर जायचं नाही, अशी आमच्या पाड्याची रीत आहे. सासूबाईंचे हात थरथरायला लागल्यापासून खीर मीच रांधते. दगडावर वाघ कोरलेला आहे म्हणतात. तोही मी पाहिलेला नाही.

मुलगी आसनगावला दिली. ती कल्याणला सहली काढणाऱ्या एका ऑफिसात काम करते. मागच्या वर्षी गणपतीला आली तेव्हा म्हणाली, "आये, दिवाळीनंतर आमचा ग्रुप सुंदरबनला जातोय. बरोबर मी जायचंय. घरचं एक माणूस नेता येतं. तू चल."

मोबाइलवर तिने मला ती जागा दाखवली. नुसतं पाणी, चिखल आणि तिवरं. आपल्या खाडीला असतात तशीच, पण नजर पोचेल तिथपर्यंत. त्या चिखलातून वाघ चालतो, खाडी पोहून पलीकडे जातो. बोटीत बसून बघायचं. मी ते चित्र पुन्हा दाखवायला लावलं. मग पुन्हा.

ह्यांना मुलीनेच सांगितलं. ते जेवत होते.

"वाघ बघाया बंगालात? तितला काय सोन्याचा हाय?"

"बाबा, आपला तो बिबट्या. तिकडचा पट्ट्यांचा. पाण्यात पवतो."

"पवतो? मंग बोटीत पण चढंल. त्यानं हिला नेली तर वरडणार पण नाय. ही लाजंल."

सगळे हसले. मीही हसले. पण हे नको म्हणाले नाहीत आणि आमच्या घरात नको म्हटलं नाही की ते हो असतं.

मग मी तयारीला लागले. मुलीने सांगितलं होतं की भडक कपडे नकोत, वास येईल असं तेल-पावडर नको, बोटीत बोलायचं नाही. बोलायचं नाही हे ऐकून मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगचा गुण कुणाच्या तरी नियमात बसत होता. साड्यांचं मात्र अवघड होतं. माझ्या सगळ्या साड्या लाल, पिवळ्या, नाहीतर मोराच्या रंगाच्या. एक जुनी मातकट साडी गोधडीत घालायला काढून ठेवली होती, ती परत घेतली, धुतली, काठ शिवले. भातकापणी राहिली तर बहीण आटगावहून येईल, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. मी कुणाला काही मागत नाही. बहिणीला हे मागताना फोन दोनदा ठेवला आणि तिसऱ्यांदा बोलले.

आणि हे सगळं चालू असताना सासूबाईंनी नारळ ठेवला.

त्यांनी वाईट मनाने नाही ठेवला. उलट त्यांना माझी काळजी. मी शेतावर गेलेली असताना त्यांनी म्हातारबांना बोलावलं. म्हातारबा म्हणजे आमच्या वाघोबाची पूजा बघणारे. त्यांच्या हाताने घरातल्या फळीवर माझ्या नावाने नारळ ठेवला, की सून तुझ्या जातवाल्याला भेटायला चालली आहे, तिला सांभाळून आण. तो नारळ वाघबारशीला वर फुटतो. आणि तो फुटेपर्यंत ज्याच्या नावाचा असेल त्याने गावची शीव ओलांडून वस्तीला राहायचं नाही. दिवसा बाजाराला जाऊन या, पण झोपायला घरी. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

"आत्या, मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"चांगलं कराया इचारायचं? आन तू बारशीनंतर जाणार ना?"

ते खरं होतं.

दसऱ्यानंतर मुलीचा फोन आला. दिवाळीनंतर बोटी मिळत नव्हत्या. ग्रुपने तारखा अलीकडे घेतल्या होत्या. वाघबारशीच्या आधी कल्याणहून गाडी, आणि बारशीच्या दिवशी आम्ही तिथे पाण्यात.

"आये, चालंल ना?"

मी फोन कानाला धरून फळीवरच्या नारळाकडे बघत राहिले. हळद-कुंकू लावलेला, शेंडी वर करून बसलेला.

खिरीचं काही अडलं नसतं, जाऊबाईंनी केली असती. अडलं ते नारळाचं. मी ह्यांना म्हटलं, म्हातारबांना विचारा, नारळ आधी फोडता येईल का. ह्यांना घरातून बाहेर पडायलाच किती दिवस लागले. शेवटी गेले. संध्याकाळी परत आले. चहा झाला होता. भाताला रोग पडलाय त्याचं बोलणं झालं होतं. म्हातारबांच्या नातवाला कंपनीत लावायचं आहे, त्याचंही झालं होतं.

"आणि नारळाचं?"

"आरं, ते राह्यलंच."

राहिलंच. मला रडू आलं नाही. मी भाकरी इतक्या जोरात थापल्या की सासूबाई म्हणाल्या, "परात फुटंल गो."

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्या मागून गेले. म्हातारबांच्या ओटीवर खांबाला धरून उभी राहिले. वाटेत मी वाक्य जुळवलं होतं. नारळ माझ्या नावाचा आहे, तर तो कधी फुटावा हे मी सांगते, असं. तिथे ओटीवर चार माणसं बसलेली. माझ्या तोंडातून "नारळ…" एवढंच बाहेर आलं. पुढचं ह्यांनी बोलून टाकलं आणि भलतंच बोलले. म्हणाले, "हिला हौस हाय, काय करता?"

"हौस हाय तर असू दे," म्हातारबा म्हणाले. "पण बारशीचा नारळ आधी फोडला आन तिकडं काय झालं तर? मंग म्हणाल म्हातारबानं सांगितलं."

"म्हंजे तुमच्यावर यायला नको," ओटीवरचा एक जण म्हणाला.

"मंग काय. मला राह्याचंय हितं."

मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की वाघोबालाच विचारू. दगड पाण्याने भिजवतात आणि दोन्ही अंगांना तांदळाचा एकेक दाणा चिकटवतात. उजवा आधी गळला तर होकार, डावा गळला तर नकार. याला कौल म्हणतात. सकाळी पुरुष वर गेले. मी टेकाडाच्या पायथ्याशी भारंगीच्या झुडपापाशी थांबले. वरून बोलणं ऐकू येत होतं, हसणंही. मध्येच कुणीतरी म्हणालं, "वारा नको अडवू, वारा लागू दे."

हे खाली आले. "डावा पडला."

"कोणी पाहिला?"

"सगळ्यांनी."

म्हातारबा मागून येत होते. मला बघून थांबले. "तो काय म्हणतो बाई, मला बघाया निघालीस आन माझ्याच दिवशी मला टाकून कुटं?" बाकीच्यांना ते फार आवडलं. पाड्यावर पुढे आठवडाभर तेच चाललं होतं. पाण्याला गेले की बायका विचारायच्या, "काय गो, तो रुसला का तुझ्यावर?"

मला त्या दाण्याचा राग नाही. तो आपोआप गळला असेल तर गळला. पण माझ्या जाण्याचा दाणा गळतानासुद्धा मी खाली झुडपापाशी उभी होते. आईच्या लुगड्यात होते तशीच.

कुणी म्हणेल, तरी जायचं. मुलगीही तेच म्हणाली, "आये, तू निघून ये, मी बघते." पण मागे राहणाऱ्या सासूबाई. तिकडे माझं काही झालं नसतं आणि इथे कोंबडी मेली असती, तरी ते त्यांनी स्वतःवर घेतलं असतं. मी परत येईपर्यंत त्या रात्रीच्या झोपल्या नसत्या. हे मला माहीत होतं, म्हणून मी नाही निघाले. पण हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

माझ्या जागेवर विहीणबाई गेल्या. मुलीची सासू. जागा फुकट कशाला घालवायची. मातकट साडीसुद्धा त्यांनाच दिली, मुलगी म्हणाली म्हणून.

वाघबारशीला मी खीर रांधली. नारळ वर गेला आणि फुटला. मी ओटीवरून आवाज ऐकला, की ऐकला असं मला वाटलं.

दिवाळीनंतर दोघी भेटायला आल्या. मुलीने पाहिला होता. खाडी ओलांडताना नुसतं डोकं पाण्यावर, मग चिखलात चढला, अंग झाडलं आणि तिवरांत शिरला. एवढंच. सांगताना तिचा आवाज खाली गेला होता.

"आणि तुम्ही?" मी विहीणबाईंना विचारलं.

"मला बाई काय नाय दिसलं. चष्मा राह्यला बॅगेत. सगळे तिकडं तिकडं करत होते, मी बघते तर नुसती झाडं. पण जेवण चांगलं हां. मासे काय ते."

"बघ," हे मला म्हणाले, "तितं जाऊन पण दिसत नाय."

सासूबाई म्हणाल्या, "तेच तं. बरं झालं नाय गेली."

मी चहा ओतत होते. मला सांगायचं होतं की मी चष्मा लावत नाही. मला लांबचं चांगलं दिसतं. आणि मलाही नसता दिसला तरी ते माझं न दिसणं असतं. तिथे जाऊन, डोळे उघडे ठेवूनही मला दिसलं नसतं. ते आणि हे एक नाही. पण चहा ओतून झाला आणि बोलायची वेळ निघून गेली. बोलताना माझं नेहमी असंच होतं, म्हणून लिहिते. विहीणबाईंनी साडी परत आणली होती, धुऊन. काठाला चिखलाचा डाग तसाच होता. तो मी काढला नाही.

परवा मुलीचा फोन आला. यंदाही ग्रुप आहे आणि यंदा बारशीच्या पुष्कळ नंतर. मी घरामागे जाऊन बोलले, गवताच्या उडवीआड. हो म्हटलं. घरात कुणाला सांगितलं नाही. तारीख पक्की होईपर्यंत सांगणारही नाही.

काल धसईचा बाजार होता. सासूबाई जाऊबाईंबरोबर गेल्या आणि येताना पिशवीत नारळ. कसं कळतं कोण जाणे. फळी पुसली, हळद-कुंकवाची वाटी काढली. "उद्या म्हातारबांना बोलावते," म्हणाल्या आणि हातपाय धुवायला मोरीत गेल्या.

अजून कुंकू लागलं नव्हतं. कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तोवर तो बाजारातला नारळच होता. मी कोयता घेतला, नारळ मागच्या दारी फोडला, खोबरं वाटलं आणि सुक्या बोंबलांच्या कालवणात घातलं.

जेवायला बसल्यावर सासूबाईंनी एकदा रिकाम्या फळीकडे पाहिलं. मग कालवणाच्या वाटीकडे. मी माझ्या ताटात बघत होते.

"नारळ गोड निघाला," त्या म्हणाल्या, आणि वाटी पुढे केली.