घासून काढलेले दोन तुकडे

परमेश्वराने एखादी वस्तू मन लावून घडवली, चारचारदा तपासली आणि मगच पृथ्वीवर धाडली, तरी आमच्या साडूंच्या हाती पडली की पाच मिनिटांत तिच्यात दहा चुका निघतात. हे माझ्या धाकट्या मेव्हणीचे यजमान. दिंडोरीजवळ त्यांची द्राक्षाची बाग आहे, पण जीव बागेत कमी आणि पाना-पकडीत जास्त. "कंपनीला काय कळतंय?" हा त्यांचा गुरुमंत्र. लग्नात आलेला मिक्सर त्यांनी सत्यनारायणाच्या दिवशीच खोलला आणि त्यात कुठलीशी दांडगी मोटर बसवली. तेव्हापासून त्या घरात चटणी करायची म्हणजे मेव्हणी एका हाताने झाकण दाबते आणि दुसऱ्या हाताने देवाचं नाव घेते. (देवाचं नाव हाताने कसं घेतात ते तिथे जाऊन पाहावं.) बैठकीतल्या पंख्याला त्यांनी असं काही केलं आहे की पाहुण्याला पेपर वाचायचा असेल तर तो अंगणात जाऊन वाचावा लागतो.

माझी सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनच्या देखभालीत गेली. फिरणारी वस्तू जरा अंग हलवायला लागली की माझा हात बंद करायच्या बटणाकडे जातो. त्या पंख्याखाली पहिल्यांदा बसलो तेव्हा न राहवून म्हणालो, "अहो, हा डुलतोय. एखाद्या दिवशी डोक्यात पडेल." साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या वंशाबद्दल काही बोललो. "साडूभाऊ, तुमचं ते सरकारी काम. तिथं पंखा पडला तर चौकशी बसती. इथं पडला तर मी दुसरा बसवीन." त्यानंतर सहा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या बायकोने मला बजावून ठेवलं, "साडूला शहाणपण शिकवायचं नसतं. माझ्या बहिणीच्या घरी जायचं, जेवायचं आणि तोंड शिवून बसायचं." मी तसा बसू लागलो. आमचे संबंध उत्तम झाले.

मग त्यांनी पिकअप घेतली. द्राक्षाची कॅरेट बाजारात न्यायला घेतली म्हणतात, पण महिन्याभरात ती गाडी तिच्या कारखान्यालाही ओळखू आली नसती. आधी मागचा हौदा दोन फूट वाढवला. मग म्हणे लांब गाडीला जुनं इंजिन शोभत नाही, म्हणून कुठल्याशा मोडीतल्या ट्रकचं इंजिन आणून बसवलं. ते मावेना, तेव्हा केबिनची तळाची जाड पाटी कापून वर पत्रा मारला. राहता राहिला प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा, गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब गोल दांडा. तो आखूड पडला. पिंपळगावच्या लेथवाल्याने पाइपचा तुकडा जोडून तो लांब करून दिला, फिरवून फिरवून तोल पाहिला आणि हात जोडून सांगितलं, "भाऊ, एवढा लांब शाफ्ट मधी आधार नसला तर जोरात फिरताना वाकतो. साठच्या पुढं नेऊ नका. आणि खाली एक लोखंडी कडं बसवून घ्या. तुटला तरी त्यातच अडकंल." साडू हसले. "कडं अडकवायला ती काय गाय हाय?" आणि त्याच दिवशी, माझ्या डोळ्यांदेखत, काटा शंभरच्या पुढे नेऊन दाखवला. मी खिडकीची कड धरून बसलो होतो. उतरल्यावर "छान पळते" असंही म्हणालो.

खंडेनवमीला आम्ही त्यांच्याकडे होतो. हत्यारांची, यंत्रांची पूजा त्या घरात दिवाळीहून मोठी. साडू पहाटेपासून गाडीखाली उताणे पडले होते. शाफ्ट खाली काढून त्यांनी तो ग्राइंडरने असा गुळगुळीत केला की त्यात तोंड दिसावं, आणि वर लाल रंग दिला. मी चहाचा कप घेऊन जवळ गेलो तर फरशीवर बोटाच्या पेरांएवढे दोन चपटे लोखंडी तुकडे पडले होते. मी एक उचलला. तीस वर्षं मी असे तुकडे पाहिले आहेत. फिरणारा दांडा जिथे हलका भरतो तिथे नेमकं तेवढं वजन डकवतात, तेव्हा कुठे तो सरळ फिरतो. "हे कुठलं?" मी विचारलं. "वेल्डिंगची घाण व्हती. शाफ्टाला चिकटून बसली व्हती. दिसाया लय वंगाळ." माझ्या तोंडाशी सगळं आलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तुकडा खाली ठेवला आणि रंगाचं कौतुक केलं.

पुढच्याच आठवड्यात नामपूरला बायकोच्या मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. बायको आदल्या दिवशीच गेली होती. आम्ही तिघे पिकअपमधून निघालो. साडू चालवत होते, मी खिडकीशी, आणि मध्ये मांडीवर लाडवांचा स्टीलचा डबा घेऊन मेव्हणी. गाडी अशी थरथरत होती की बोललेला शब्द तुकड्यातुकड्याने बाहेर पडत होता. पिंपळगाव आलं तशी मेव्हणी म्हणाली, "दाजी, माझं तर दात वाजाया लागलं. मी आपली एसटीनं येते." तिने डबा आपल्या जागेवर ठेवला आणि ती उतरली. मलाही उतरायचं होतं. पण साडूला एकट्याला सोडून मेव्हणीबरोबर एसटीने गेलो तर त्यांना काय वाटेल, या विचाराने मी बसून राहिलो. अब्रू माणसाला कुठे कुठे बसवते!

चांदवडच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला आणि साडूंनी पाय दाबला. थरथर वाढली, वाढली, आणि एकदम खालून कुणीतरी घण घालायला लागलं. एक, दोन, तिसऱ्या घावाला आम्हा दोघांच्या मधला पत्रा फाटला. गाडी कशी थांबली मला आठवत नाही. थांबली तेव्हा मधल्या सीटमधून लाल रंगाचा लोखंडी दांडा हातभर वर आला होता आणि लाडवांचा डबा त्याने आरपार फोडला होता. टपाला आतून, काचेवर, माझ्या सदऱ्यावर सगळीकडे लाडू. साडूंनी समोरच्या फळीवरचा एक लाडू उचलला आणि फुटक्या डब्यात ठेवला. मग दुसरा ठेवला. तिसरा त्यांच्या हातातून सुटला. "हितं बसली व्हती ना ती," ते म्हणाले. एवढंच, पण तीन वेळा. 

गाडी ओढत लेथवाल्याकडे नेली. त्याने मोडका शाफ्ट हाताने चाचपला आणि विचारलं, "मी लावलेली वजनं कुठं गेली?" साडू म्हणाले, "मीच घासली," आणि तिथेच लोखंडाच्या किसात मटकन बसले. मी माझ्या चपलांकडे पाहत उभा राहिलो.

आता पिकअपला जुनं इंजिन परत आलं आहे, हौदा आखूड झाला आहे, शाफ्टाखाली जाडजूड कडं आहे. साडू साठच्या पुढे जात नाहीत. घरातला पंखाही त्यांनी मूळपदावर आणला. त्या बैठकीत आता खुशाल पेपर वाचता येतो, आणि खरं सांगायचं तर वाचवत नाही. पूर्वी त्या घरात पाऊल टाकलं की काहीतरी धडधडत असायचं. मेव्हणीने तो फुटका डबा फळीवर ठेवला आहे. सगळं जग दुरुस्त करायला निघालेल्या माणसाने त्याला अजून हात लावलेला नाही.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळीच त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, विहिरीवरच्या मोटरीच्या दांड्याला एक खडबडीत काहीतरी हाताला लागतंय. घासू का राहू देऊ?" मी म्हणालो, "राहू द्या." मग वर्षभर अडवून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं. "मागच्या वेळीच बोलायला हवं होतं हो मी. तो तुकडा मी ओळखला होता."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "हातात घेऊन बघत व्हता तुम्ही. तवाच मला शंका आलती. पण तुम्ही बोलला नाय, आन मला इचारायची लाज वाटली."

मागून मेव्हणी विचारत होती, "दाजी काय म्हणत्यात?" "राहू द्या म्हणत्यात," साडूंनी तिला सांगितलं.