माझ्या मुलीला दहापैकी चार

“अरे मेल्या, पोरीला भिंतीवर आपटली त्यांनी, आणि तू आकडे काय लिहितोयस!”

ही माझी आई. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली. तिचा आवाज त्या बंदिस्त रिंकमध्ये असा घुमला, की त्या दिवशी बर्फाला कुठेतरी तडा गेला असणार, असं मी आजही शपथेवर सांगेन. बर्फावरची पोरं थबकली. शिट्टी तोंडात धरलेला रेफरी थबकला. काचेपलीकडे आडवी झालेली आमची मुक्ता मात्र उठली, हेल्मेट सारखं केलं आणि काही झालंच नाही अशी निघून गेली.

मी शांतपणे तिच्या नावापुढे ‘तोल : चार’ असं लिहिलं.

“चार?” शेजारून माझ्या बायकोने, शर्वरीने, डोकावून पाहिलं. “धक्का त्या लाल जर्सीवाल्याने मारला, मिलिंद! तिच्या तोलाचा काय संबंध?”

“परीक्षकाशी बोलू नये,” मी म्हणालो.

सांगतो. साधारण २०१५ची गोष्ट. मुक्ता बारा वर्षांची. आता जिथे बाराही महिने माणूस मोदकासारखा वाफवून निघतो, त्या सिंगापुरात बर्फावरची हॉकी कोण खेळतं, असं तुम्ही विचाराल. आमच्यासारखे हिशेबी लोक खेळतात! शाळाप्रवेशाला एखादा खेळ गाठीशी असावा, असं सगळेच म्हणत. पण बॅडमिंटनला आमचं अख्खं सेम्बावांग उपनगर रांगेत उभं होतं, आणि पोहायला गेलं तर तलावात पाण्यापेक्षा मुलं जास्त. तेव्हा ज्या खेळाला गर्दी नाही तोच आपला खेळ, असं मी पाच मिनिटांत ठरवून टाकलं. घोळ एवढाच झाला, की मुक्ताला तो खेळ खरोखरच आवडला! दोन वर्षं दर शनिवारी साडेपाचला कुणी न उठवता उठायची आणि स्वतःपेक्षा मोठी बॅग ओढत एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, बेटाच्या दुसऱ्या टोकाला जायची. (शाळेसाठी तिला उठवायला आम्ही दोघंही पुरत नसू.)

आणि आता क्लबची चौदा वर्षांखालची टीम निवडायची होती. सीझनच्या आधी नवख्यांचा एक सामना. वीस मुलं, जागा बारा. मुक्ताच्या खोलीच्या भिंतीवर बारा रिकाम्या चौकटी काढलेला कागद होता आणि शेवटच्या चौकटीत पेन्सिलीने, अगदी बारीक, ‘मी?’ असं लिहिलेलं होतं.

सामन्याच्या दिवशी कोच लिम माझ्यापाशी आला. पन्नाशीचा, बुटका, चेहऱ्यावरची माशीही न हलणारा माणूस.

“मिस्टर मिलिंद, मुलांना मार्क द्यायला बसणार का? कॅन?”

“कॅन!” मी म्हणालो. (सिंगापुरात ‘जमेल का’ आणि ‘जमेल’ दोन्हींना हा एकच शब्द पुरतो.) तो ‘बसणार का’ म्हणेपर्यंत माझा हात क्लिपबोर्डाला लागलेलासुद्धा होता. मराठी माणसाला परीक्षक करतो म्हणा, तो ऑपरेशन टेबलावरून उठून येईल.

“खेळ माहीत आहे ना?”

“हॉकी आमच्या रक्तात आहे,” मी सांगितलं. यात खोटं काही नव्हतं. आमच्या घरी एक हॉकी स्टिक होती. आम्ही तिने छताची जळमटं काढायचो.

कागदावर वीस नावं, पुढे जर्सीचे नंबर आणि पाच रकाने : स्केटिंग, तोल, पास, दमसास, वृत्ती. प्रत्येकी दहा मार्क. ऑफिसात मी दर वर्षी चौदा इंजिनियरांचं मूल्यमापन करतो, त्यातले निदान तीन रडतात. म्हणजे अनुभव होता.

सामना सुरू झाला, आणि माझ्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. पोरं पाऊण मिनिट खेळत आणि धापा टाकत कठड्यावरून उडी मारून बाकावर येऊन बसत! लगेच दुसरी पाच आत. पाऊण मिनिटाने तीही बाहेर!

“बघ,” मी शर्वरीला म्हणालो, “ही सिंगापूरची पिढी. एसीत वाढलेली. एक मिनिट धावत नाहीत.”

आणि धडाधड मार्क दिले. दमसास : दोन. दमसास : दोन. दमसास : दीड.

अपवाद फक्त दोन. एक गोलकीपर, तो बिचारा पहिल्यापासून जागचा हलला नव्हता. त्याला दहा. दुसरा नऊ नंबरचा एक जाडगेला मुलगा. बाकीचे चारदा आतबाहेर झाले तरी हा पठ्ठ्या बर्फावरच! कोच लिम कठड्यावर हात आपटून त्याला ओरडत होता. मला वाटलं, प्रोत्साहन देतोय. मीही उभा राहून टाळ्या वाजवल्या. नऊ नंबरला दमसास दहा, वृत्ती दहा.

थोड्या वेळाने रेफरीने एका मुलाला समोरच्या काचेच्या खोलीत नेऊन एकट्याला बसवलं. मोठ्या मानाने दार उघडून. आपल्याकडे लग्नात व्याह्यांना बसवतात तसं. पोरगा दोन मिनिटं मान खाली घालून बसला होता. (काय तो विनय!) वृत्ती : नऊ.

“अरे, तो त्या मुलाला काठीने मारून आलाय,” आई म्हणाली. “शिक्षा झालीय त्याला.”

आईने सामान्य ज्ञानाच्या जोरावर तो खेळ दहा मिनिटांत समजून घेतला होता. भर उन्हाळ्याच्या देशात तिने पुण्याहून कानटोपी आणली म्हणून मी तिला महिनाभर हसत होतो. आता ती कानटोपीत उबदार बसली होती आणि माझे दात वाजत होते. वाजत्या दातांनी मी म्हणालो, “आई, तुला यातलं काही कळत नाही.”

मग आली मुक्ताची पाळी.

इथे थोडं घराण्याबद्दल सांगायला हवं. माझे वडील, अण्णा, साताऱ्याला गणिताचे मास्तर. मी त्यांच्याच वर्गात. सहामाहीला मला शंभरपैकी चौतीस मिळाले. पास व्हायला पस्तीस लागत. पेपर घेऊन गेलो, तर एका बेरजेला खरंच एक मार्क राहिला होता. “देता आला असता,” अण्णा म्हणाले, “पण लोक काय म्हणतील?” ती सहामाही मी मोठ्या अभिमानाने नापास झालो. आमच्याकडे निःपक्षपातीपणा म्हणजे परक्याला न्याय आणि घरच्याला लाथ!

तेव्हा मुक्ताने दोघांना चकवून पास दिला, मी लिहिलं : पास, चार. मुक्ताने अख्खी रिंक कापत चेंडू (तो चेंडू नसतो, चपटी चकती असते, हे मला सामना संपल्यावर कळलं) नेऊन सरळ जाळ्यात मारला. रिंक दणाणली. शर्वरी नाचली. आई कानटोपीसकट नाचली.

“गोल केला तिने!” शर्वरी माझा दंड हलवत ओरडली. “आता तरी लिही!”

मी लिहिलं. वृत्ती : तीन. एका गोलाने पोरीच्या डोक्यात हवा जायला नको.

संध्याकाळी घरी, आमच्या अकराव्या मजल्यावर, मी भाताचा पहिला घास घेऊन जाहीर केलं, “आज मी अण्णांचं नाव राखलं. मुक्ताला दहापैकी सरासरी चार. विसांत अठरावी.”

आईने आमटीचा डाव परत पातेल्यात टाकला.

“आणि पहिला कोण?” शर्वरीने अगदी गोड आवाजात विचारलं. (चौदा वर्षांच्या संसारात हा आवाज मी दोनदाच ऐकला होता.)

“नऊ नंबर. एकदाही बाहेर आला नाही!”

“मिलिंद, पाऊण मिनिटाने बाहेर यायचंच असतं. हा खेळच तसा आहे. त्या नऊ नंबरमुळे बर्फावर एक माणूस जास्त झाला आणि त्यांच्या टीमला शिक्षा झाली.”

“कुणी सांगितलं?”

“शेजारी बसलेल्या सगळ्यांनी! तू उभा राहून टाळ्या वाजवत होतास ना, तेव्हा.”

मी मुक्ताकडे पाहिलं. ती दोन घास जेवली, तिथल्या पोरांसारखं “ओके लाह” म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

“तुझ्या बापाने तुला नापास केलं, तेव्हा निदान त्याला गणित तरी येत होतं,” आई म्हणाली.

ते दोन दिवस कसे गेले विचारू नका. आमटीत मीठ नव्हतं. माझ्याशी घरात फक्त राइस कुकर बोलत होता. मुक्ताच्या खोलीतला तो कागद दारातून दिसायचा. पोरगी दोन वर्षं पहाटे उठली, आणि बापाने क्लिपबोर्डाच्या एका फटक्यात तिला अठरावी केली!

सोमवारी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून (कारण : कौटुंबिक आणीबाणी) मी रिंक गाठली. बगलेत नवीन तक्ता. रात्रभर इंटरनेटवर खेळाचे नियम वाचून सगळे मार्क पुन्हा दिलेले. कोच लिम बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता.

“कोच, मी गुन्हेगार आहे,” मी सुरुवात केली आणि अण्णांच्या चौतीस मार्कांपासून नऊ नंबरच्या दमसासापर्यंत सगळं ओकलो. “माझ्या चुकीची शिक्षा त्या पोरीला देऊ नका!”

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.

“मुक्ता टीममध्ये आहे. पहिल्या दहा मिनिटांतच घेतली. यादी आज लागेल.”

“पण... माझे मार्क?”

“कुठले मार्क?” त्याने थोडा विचार केला. “अरे हो, तो कागद! तुझ्या मुलीलाच विचार लाह.”

एमआरटीत जागा असूनही मी सेम्बावांगपर्यंत उभ्याने आलो. घरात शिरलो तेव्हा मुक्ता टेबलाशी कया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला पाव, खात होती.

“मुक्ता! तू सिलेक्ट झालीस! आणि गंमत म्हणजे कोचने माझे मार्क पाहिलेसुद्धा नाहीत!”

“माहितीये.”

“तुला कसं माहीत?”

तिने टोस्टचा तुकडा नीट चावून गिळला.

“मीच सांगितलं होतं कोचना, बाबाला काहीतरी लिहायला द्या म्हणून. रिकामा बसला की मॅचभर सल्ले देतो.”