चाळीस पोत्यांचा माग

तेलगावच्या बाजारात शिवगंगाचं बारदान्याचं दुकान होतं. पाटी नवऱ्याच्या, गुरुलिंगच्या नावाची. पण जुनी पोती घेणं, ती उलटी करून झटकणं, शिवून पुन्हा आडतवाल्यांना देणं, हे सगळं तीच बघायची. एकेक पोतं चार-पाच हंगाम फिरायचं. आधी त्यात काय होतं, हे कुणी विचारत नसे. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी पोती झटकता झटकता सारजाबाई मटकन खाली बसली. दहा वर्षं ती शिवगंगाकडे पोती शिवत होती. हातांची आग, डोळ्यांना धार, मग उलट्या. शिवगंगानं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या नखांतली गुलाबी पूड पाहिली.

"बियाण्याला चोळायचं औषध आहे हे. विषारी असतं. कशात होतं?"

ती पोती एका बियाण्याच्या गोदामातून आली होती. त्याच गोदामातली आधीची चाळीस पोती तिनं पंधरा दिवसांपूर्वी चौसाळ्याला, मोहनरावांच्या आडतीवर पाठवली होती. बाजरी भरायला.

सारजाबाईचा नवरा दवाखान्यात आला, तशी शिवगंगा तिथूनच निघाली. मागोमाग आलेला गुरुलिंग म्हणाला, "फोन लावू की त्यांना. कावून पळायलीस?"

"फोनवर ते व्हय म्हणतील आन् ठिवून देतील," ती म्हणाली आणि बीडची गाडी धरली.

बीडला चौसाळ्याच्या गाडीला तासभर अवकाश होता. तिला बाकावर बसवेना. चौकशीच्या खिडकीपाशी ती तीनदा जाऊन आली. तिसऱ्या वेळी आतल्या माणसानं मान वर केली नाही.

चौसाळ्याला मोहनरावांनी तिचं ऐकून गोदामाचं दार उघडलं. आत तीनशेवर पोत्यांच्या थप्प्या होत्या.

"वैनी, ह्यातली तुमची कोणती, कसं वळखायचं? पोती सगळी सारखीच हायती."

शिवगंगा थप्पीपाशी जाऊन नुसती बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की ती चाळीसही सारजाबाईनं शिवली होती. सारजाबाई डावखुरी, तिचा टाका उलट्या अंगाला कलायचा. शिवगंगानं पदर खोचला आणि एकेक पोत्याची शिवण चाचपायला लागली. हमाल वैतागले, पण मोहनरावांनी त्यांना हलू दिलं नाही. दिवस कलेपर्यंत चौतीस पोती बाजूला निघाली.

सहा विकली गेली होती.

त्यातली चार गावातच होती. चौथं पोतं वनमाला नावाच्या बाईच्या घरी, अर्धं रिकामं झालेलं.

"दोन दिस झाले, पोरायची पोटं दुखायलीत," वनमाला म्हणाली. "पाण्यानं असंल."

"पाण्यानं न्हाई," शिवगंगा म्हणाली. "माझ्या पोत्यानं हाय."

वनमालानं पोरांना उचललं, आणि दोघी मिळून दवाखान्यात गेल्या. पोरं निभावली. उरलेली दोन पोती मात्र हायवेवरच्या कुठल्याशा टेम्पोवाल्यानं नेली होती. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. शिवगंगानं पुढचे चार दिवस हायवेवरच्या धाब्यांवर विचारत घालवले. माग लागला नाही.

बाजरी खड्ड्यात गाडली. तिची भरपाई गुरुलिंगनं दिली. आठवड्यानं सारजाबाई कामावर आली, पण तिच्या हातांची सालं पुढं कितीतरी दिवस निघत होती.

तेव्हापासून शिवगंगानं सुतळी रंगवून घ्यायला सुरुवात केली. धान्याच्या पोत्याला पांढरा टाका, खताच्या पोत्याला निळा, औषधाचा वास लागलेल्याला लाल. आणि लालवालं पोतं पुन्हा विकायचंच नाही. एका जाड वहीत ती लिहायची: पोतं कुठून आलं, आत काय होतं, कुठं फाटलं, कितव्यांदा शिवलं, कुठं गेलं. गिऱ्हाइकं बिचकतील म्हणून गुरुलिंग धुसफुसायचा. काही खरंच बिचकली. मोहनराव मात्र टाका बघितल्याशिवाय पोतं घेईनासे झाले.

दोन हजार एक साली एका डाळ मिलचा खरेदी अधिकारी ती वही बघायला मुद्दाम तेलगावला आला. एक पोतं किती फेरे मारतं, कुठं फाटतं, किती वाया जातं, हे त्याला कुठंच मिळालं नव्हतं. दोन तास तो उतरवून घेत होता. जाताना म्हणाला, "पुढच्या वर्षापासून आम्ही प्लास्टिकची पोती आणतोय. त्यांचीही अशीच नोंद ठेवाल का?"

त्यानं नमुन्याला दिलेलं पांढरं, चकचकीत पोतं तिनं मांडीवर घेतलं. खुणेच्या टाक्यासाठी दाभण घातलं की विणीतल्या पट्ट्या उसवायच्या. रंगाचा ठिपका दिला, तो वाळून नखानं निघाला. तापलेला खिळा टेकवला तर भोक पडलं.

"राहू दे गं आता," गुरुलिंग म्हणाला.

"मग हे काय खाऊन आलंय, कसं कळायचं?" ती म्हणाली, आणि दुसरा खिळा चुलीत सारला.