तुळजाबाईचं राखून ठेवलेलं रडणं

आमच्या वाडीत कोणाच्या घरी मयत झालं की आधी दोन निरोप जायचे. एक मुंबईला, घरच्या माणसांना. दुसरा तुळजाबाईला. मुंबईची माणसं येऊन पोहोचेपर्यंत मयत ठेवावं लागतं, आणि तोवर घर सावरून धरायचं काम तुळजाबाईचं. ती उशाशी बसायची, पदर पुढे ओढायची आणि हेल काढून रडायला लागायची. पैसे नाहीत, मानपान नाही, वर घोटभर चहासुद्धा नाही, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. पोलादपूरला माझं चहाचं दुकान आहे. तिथे बसून शहाणी माणसं म्हणतात, असलं रडणं म्हणजे नाटक. त्यांनी तिला ऐकलेलं नाही. गेलेल्याची राहिलेली कामं ती त्यालाच सांगायची. गवताची गंजी अर्धीच रचलीस, म्हैस गाभण आहे, आणि तू निघालास कुठे? दगडाला पाझर फुटायचा. कोपऱ्यात मुकी होऊन बसलेली सून तिचं ऐकून मोकळी व्हायची.

परतल्यावर ती अंगणातच पाय धुवायची. ते सगळ्याच बाया करतात. तुळजाबाई आणखी एक करायची, खळखळून चूळ भरायची. मेलेल्याला सांगितलेले शब्द जित्या माणसांच्या घरात न्यायचे नाहीत, एवढंच तिचं शास्त्र.

तिचा नवरा महिपती ओट्यावर बसून हे बघायचा. मोठा खट्याळ माणूस. त्याचं एक ठरलेलं बोलणं होतं. "सगळ्या तालुक्याला रडलीस गो. माझ्यासाठी काय ठेवलंस?"

"तुमचं निराळं ठेवलंय," ती म्हणायची.

पुढे अर्धांगवायूने महिपती अंथरुणाला खिळला. तेव्हाही तो हेच विचारायचा, पण आता हसत नसे.

त्याच सुमारास तुळजाबाईचा भाऊ रायबा फुरसं चावून, विष चढून गेला. रायबाचा मुलगा अक्षय नालासोपाऱ्याला राहायचा, गिटार वाजवून गाणी म्हणायचा. तो आला तेव्हा आत्या रडत होती, 'खुंटीला घोंगडी तुझी, पांघरू कुनाला.' हा एका हाताने डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हाताने मोबाईल धरून ते रेकॉर्ड करत होता. मला तेव्हाच खटकलं. पण बाप त्याचा गेला होता, बोलणार कोण?

त्याचं गाणं झालं. गिटार, व्हायोलिन, मध्ये दोन ओळी इंग्रजी, आणि धृपदाला आत्याची ओळ, आत्याच्या हेलासकट. खोटं कशाला बोलू, गाणं चांगलं होतं. टीव्हीवर देशभरच्या गाण्यांची स्पर्धा होती, त्यात ते उतरलं. आत्याचं नाव पोराने गीतकार म्हणून लावलं होतं. त्याच्या मनात पाप नव्हतं. परीक्षक दर फेरीला रडायचे, आणि फेरी जितकी पुढची तितके जास्त रडायचे.

शेवटच्या फेरीआधी चॅनेलची माणसं अक्षयला घेऊन वाडीत आली. तुळजाबाईला अंगणात बसवलं, पदर सारखा केला आणि जरा रडून दाखवा म्हणाले. तिने सगळ्यांकडे नीट बघितलं.

"कोन मेलंय?"

चॅनेलवाल्यांनी कॅमेरा गोठ्याकडे वळवला. शेवटी ती गाईला चारा घालते आहे असं काहीतरी घेऊन ते गेले. निघताना तिने अक्षयला बाजूला घेतलं. ते रायबाचं आहे, ते मयताच्या दारातच राहू दे, म्हणाली. आता ते गाणं झालंय, त्याला कसला आलाय विटाळ, असं तो म्हणाला आणि तिच्या पाया पडून गाडीत बसला.

गाणं पहिलं आलं. मग युरोपातल्या कुठल्याशा शहरात देशोदेशीच्या गाण्यांशी सामना करायला निघालं. महाडच्या चौकात अक्षयचा फ्लेक्स लागला. पोरांनी रिंगटोन लावली. पाचाडला एका हळदीत डीजेने ताल वाढवून तेच वाजवलं आणि नवरीच्या मावश्या त्यावर नाचल्या. जुन्या बाया असत्या तर त्यांनी त्या डीजेवाल्याला पायताणाने हाणलं असतं.

मग शिवथरच्या बाजूला एक म्हातारी गेली आणि तुळजाबाईला बोलावणं आलं. तिने पदर ओढला, हेल काढला. शब्द त्या म्हातारीसाठीचेच होते, पण हेल तोच, तिचा जन्माचा. मागे बसलेल्या पोरी गुणगुणायला लागल्या. कोणी मोबाईल वर धरले. मेलेल्या म्हातारीकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही. तुळजाबाई मध्येच उठली आणि घरी आली.

महिपतीने सगळं ऐकून घेतलं. "माझ्या वेळंला दुसरी चाल काढ गो," म्हणाला.

"चाल काय हाटात मिळते?"

नंतर एकदा माझ्या दुकानात बसली असताना तिने मनातलं सांगितलं. मरणाची भीती तिला कधी वाटली नव्हती. आता मात्र एकाच गोष्टीने तिची झोप उडाली होती, नवऱ्याला रडायचं कसं.

महिपती गेला तेव्हा अक्षय परदेशात होता. पार दासगावपर्यंतची माणसं आली, काही महिपतीसाठी, पुष्कळशी हिला ऐकायला. ती उशाशी बसली. पहिला हेल निघाला मात्र, मागून एका बाईने धृपद धरलं. प्रेमानेच धरलं. मग दुसरीने, मग सगळ्या पोरींनी. टीव्हीवर म्हणतात तसंच, सुरात. तुळजाबाईने तोंड मिटलं. तिरडी उठली तरी ते उघडलं नाही. मला त्या बायांचा भयंकर राग आला, अजूनही आहे. पण त्यांना बोलणार काय, डोळे त्यांचेही भरलेलेच होते.

दहाव्याच्या आत अक्षय आला. गाणं तिकडे मधल्याच कुठल्यातरी नंबरावर राहिलं होतं. आत्यासमोर बसून तो म्हणाला, रड ना गो आत्ये, मोकळी हो.

"तूच म्हन," ती म्हणाली. "माझं तुझ्याकडं गेलंय. त्यांना कोनी रडलं नाय."

त्याने ओट्यावर बसून महिपतीचं नाव घालून म्हटलं. गळा काय होता पोराचा! एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. आम्ही सगळ्यांनी डोळे पुसले. तिचे कोरडे. गाणं संपल्यावर तिने आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला.

"चूळ भर. मग आत ये."

अक्षय अंगणात गेला. चूळ भरता भरता त्याला रडू फुटलं, हमसून हमसून, अगदी बेसूर. तुळजाबाई दारात उभी राहून बघत होती. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. नवऱ्यासाठी तिने निराळं ठेवलं होतं, ते तिच्यापाशीच राहिलं.