तात्यांच्या रेडिओपुढची गर्दी

तात्यांनी दापोडीतून नुसतं "ओ राव!" म्हटलं, तरी नदीपलीकडे पिंपळे गुरवच्या म्हशी चरायच्या थांबत. असल्या गळ्याच्या माणसाला रेडिओ कशाला? पण मुंबई-पुणे रस्त्यावरच्या त्यांच्या चहाच्या हॉटेलात तो होता, बॅटरीवरचा. आणि चार बाकं.

या चार बाकांवर एका संध्याकाळी किती माणसं मावली, ऐका. दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या म्हाताऱ्याला गोळ्या घातल्याची बातमी "आमी तात्याच्या रेडिओवर ऐकली" म्हणणारे पहिल्या वर्षी बारा होते. पाच वर्षांत तीनशे झाले. त्यातला दामू तर त्या दिवशी सासुरवाडीला, साताऱ्यात होता. तोही शपथेवर सांगायचा, "अर्धा चहा टाकून उठलो बघा!"

"भट्टीच पेटली न्हवती," तात्या गरजायचे, "तर चहा कुणी दिला तुला? तुझ्या आज्यानं?" सगळे हसायचे.

त्या दुपारी तात्यांची सहा वर्षांची सुमी तापानं गेली होती. हॉटेलाला फळ्या लावलेल्या. नदीकाठी तिला माती देऊन आम्ही पाच जण परतत होतो, तेव्हा रेल्वेच्या फाटकवाल्यानं ओरडून बातमी सांगितली. तात्या थांबलेसुद्धा नाहीत. खांद्यावर फावडं तसंच.

दर वर्षी तो दिवस आला की लोक हॉटेलात बसून आपापला चहा आठवत. तात्या विचारत, "त्या दिशी आनखी काय झालं व्हतं? सांगा की कुनीतरी." कुणाला काही आठवायचं नाही.

मला आठवायचं. पण पहिली थाप माझीच होती ना! दुसऱ्या दिवशी कामावर, वर्कशॉपात एकानं विचारलं, बातमी कुठं ऐकलीस? पोरीला पुरून येताना म्हटलं असतं, तर गप्पाच थांबल्या असत्या. तात्यांच्या रेडिओवर, म्हणालो. वर माणसं रडताना बशा फुटल्या, हेही घातलं. त्या बशा पुढं अख्ख्या दापोडीनं फोडल्या.

आठव्या वर्षी दामूनं पुन्हा तो अर्धा चहा काढला. तात्या फडकं पिळत होते.

"व्हय," ते म्हणाले, "गर्दी लई व्हती. मीच दिला चहा."

एवढं हळू, की समोरच्या बाकालाही जेमतेम ऐकू गेलं. वहिनी आतून उंबऱ्याशी आल्या. माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "भाऊ, तुमी तर माझ्या सुमीला हातावर घेऊन गेला व्हता. तुमी तरी सांगा ह्यांना."

सगळी बाकं माझ्याकडं वळली.

"वहिनी," मी म्हटलं, "एक चहा."

त्यांनी आणून ठेवला. साखर बरोबर होती.