अर्ध्या किलोचे दोन वाटे

शेजारून भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला की मला राळेगावचा एक रविवार आठवतो. मी शाळेत नवीन लागले होते आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, मटणाचा मात्र चढतच होता. बाजारात मी पाव किलो मागितलं, तर खाटीक म्हणाला, "बाई, आधा किलोच्या खाली परवडत नाही." मी परत फिरणार, तेवढ्यात मागे उभी असलेली म्हातारी म्हणाली, "मले बी एकटीलेच लागते. दोघी मिळून घेऊ." तिची मुलं कामासाठी पुण्याला गेली होती. खाटकानं पळसाच्या पानांवर दोन सारखे वाटे केले. परतताना ती म्हणाली, "माह्याच घरी चाल ना, पोरी. एकाच गंजात शिजवू, तेल-मसाला बी वाचते." मला संकोच वाटला. वह्या तपासायच्या आहेत, असं खोटंच सांगून मी वळले. खोलीवर स्टोव्ह पेटवला, रस्सा चांगला झाला, आणि भिंतीकडे तोंड करून जेवले. पुढे बरेच रविवार आम्ही वाटे केले, पण तिनं पुन्हा बोलावलं नाही. आज मी तिच्या वयाची झालेय, आणि तिला तेल वाचवायचं नव्हतं हे आता कळतं.