दोघांच्या मधलं स्टूल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि दर प्रायश्चित्तकाळात ज्यांच्यापुढे गुडघे टेकले त्या एकाही फादरला नाही. एका बाईनं देवासमोर कबूल केलेलं पाप मी मधल्यामध्ये बदललं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात कॅथलिक घरं मोजकीच. चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. मी प्रचारक होतो. फादर नसतील त्या रविवारी प्रार्थना चालवायची, लेकरांना धर्मशिक्षण द्यायचं, हे माझं काम. त्या वर्षी दक्षिणेकडचे एक तरुण फादर आले. त्यांना हिंदी येई, मराठी नाही. ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी आमच्या कपाळांवर राख लावून त्यांनी प्रवचन केलं : हे चाळीस दिवस नुसतं पोट उपाशी ठेवू नका, मनात उतरा, दडवलेलं वर काढा. शब्द न् शब्द मी मराठीत सांगत होतो. मागून एकजण म्हणाला, "पण शाबुदाणा चालतो का तेवढं इचारा की!" लोक हसले. फादरनी माझ्याकडे पाहिलं. मी ते त्यांना सांगितलंच नाही. गाळायची सवय तिथूनच लागली असावी.

पापनिवेदनाला बाकीच्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत भागवलं. आमच्या घरामागं राहणारी मावशी मात्र अडली. विधवा, साठीची, दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारी. मला म्हणाली, "तू सांग ना माझं फादरला."

"मावशी, दुसऱ्याचं पाप ऐकायचं नसतं."

"मंग म्या तशीच मरू का?"

फादरना विचारलं. ते म्हणाले, दुभाष्या चालतो, पण त्याचंही तोंड कायमचं बंद. "जो सुनोगे, यहीं दफ़न।"

फादर खुर्चीवर, मावशी पोत्यावर गुडघे टेकून, आणि मधल्या स्टुलावर मी. तिनं एकच वाक्य उच्चारलं. ते मी इथं लिहिणार नाही. तो हक्क मला नाही. तिच्या तरुणपणातलं होतं, एवढंच. फादर कान देऊन थांबले होते. आठवड्यापूर्वीच त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी त्यांना ऐकवलं होतं, आमची माणसं गरीब आहेत, पण स्वच्छ. आता मावशीचं ते वाक्य हिंदीत बोलायला माझी जीभ उचलेना.

"बोलती है, बहू को गालियाँ दीं।"

फादर किंचित हसले. पापक्षमा दिली, प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मरिया' प्रार्थना म्हणायला सांगितल्या.

बाहेर आल्यावर मावशीनं मला धरलं. "तीनच?"

"तीनच."

"बराबर सांगितलंस ना रे?"

"व्हय मावशी."

पुढच्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखाच्या चौदा ठिकाणी थांबत चालायच्या प्रार्थनेला, ती अनवाणी आली. मार्चचं ऊन, तापलेला मुरूम. मी म्हणालो, "चप्पल कुठंय?"

"ठिवली घरी. फादरनं कमी दिलं, म्या वाढवून घेतलं."

चौदाही ठिकाणी मी प्रार्थना वाचत होतो आणि तिच्या पायांकडे बघायचं टाळत होतो. ईस्टर झाला तरी तिनं चप्पल घातली नाही. त्यानंतर कधीच घातली नाही.

तिसऱ्या वर्षापर्यंत फादर मराठी शिकले. मला वाटलं, सुटलो. तिला म्हणालो, "आता तूच बोल फादरशी. ते पयलंबी परत सांग."

"काहून? एकदा माफ झालं ना? परत सांगितलं तर देवावर भरवसा न्हाई असं व्हईल."

तेव्हा बोलायला हवं होतं. ती आत गेली आणि थोड्या वेळानं हसतच बाहेर आली. "सुनेला शिव्या घातल्या ते सांगितलं. पाच दिल्या बघ! त्या पयल्याला तीन अन् शिव्यांला पाच? देवाचं गणित कळत न्हाई बाबा." मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

पुढे तिच्या पायात काटा मोडला. अंगात साखर होती हे कुणाला ठाऊक नव्हतं. जखम चिघळली, हिंगोलीच्या दवाखान्यात अंगठा काढावा लागला. त्यानंतर दोनेक वर्षांनी ती गेली. दफनाच्या वेळी सुनेनं पेटीत नवी चपलांची जोडी ठेवली. प्रार्थना मीच म्हटली. आवाज कापला नाही, याचंच मला भ्या वाटलं.

त्यानंतर किती प्रायश्चित्तकाळ आले. फादर बदलले, पत्र्याच्या जागी स्लॅब आला. मी रांगेत उभा राहतो, राग सांगतो, आळस सांगतो, खोटंही सांगतो. नेमकं कोणतं, ते सांगत नाही. माझा नंबर जवळ आला की तळपाय भाजायला लागतात, चप्पल पायात असून. मनात उतरा म्हणतात. मी उतरतो तो त्या स्टुलापर्यंत. तिथून उठून परत येतो. कुणी म्हणेल, देवाला दुभाष्या लागत नाही, त्यानं तिचं तेव्हाच ऐकलं. ऐकलं असेल. पण ती उन्हात चालली ती माझ्या 'व्हय'वर.

तिचं ते एक वाक्य अजून माझ्याकडेच आहे. ते फादरच्या कानावर घालायचं राहिलंय, आणि त्याच्या मागोमाग माझं.